फुकेतच्या ‘प्रायव्हेट बोटी’त आमचे 39,800 रुपये गेले. कुटुंबासह जाणाऱ्यांनी वाचाच

आकडा आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात तो अजून कुणी मोठ्याने उच्चारत नाही. 39,800 रुपये. एका दिवसाच्या सहलीत. थायलंडमधल्या फुकेतच्या शेजारचा फांग न्गा उपसागर, बेटं बघायची, गुहांतून होडीने जायचं, संध्याकाळी परत. आम्ही सहा जण होतो: मी, नवरा, सासूबाई, सासरे, 11 वर्षांची मुलगी आणि 7 वर्षांचा मुलगा.

आगाऊ पैसे घेऊन माणूस गायब होतो, हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. मी एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, दिवसभर दुसऱ्यांची बिलं आणि व्हाउचरं तपासते. म्हणूनच हे लिहायला तीन महिने लागले. पण आमचा माणूस गायब झाला नव्हता. ठरल्या वेळी गाडी आली, बोटही होती, यादीत आमचं नावही होतं. म्हणून हे वेगळं सांगायला हवं.

नाताळच्या सुटीत जायचं ठरलं. विमान आणि हॉटेल आम्ही स्वतःच बुक केलं होतं, त्यात काहीही गडबड झाली नाही. फक्त बेटांचा दिवस उरला होता. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पन्नास लोकांच्या गर्दीत त्यांना चढ-उतार करायला लावायचं नव्हतं, म्हणून आमच्यापुरती वेगळी बोट हवी होती. प्रवासाच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाची जाहिरात आली. मराठी माणूस, स्वच्छ मराठी बोलणारा. सोबत फोटो: हसणारं मराठी कुटुंब, मधोमध नऊवारीतल्या आजी. तो फोटो पाहूनच मी फोन केला.

पहिल्या वाक्यापासून ‘ताई’. सासू-सासऱ्यांना न बघताच ‘काका-काकू’. “काकूंच्या गुडघ्याची काळजी करू नका, बोटीला पायऱ्या लावून घेतो,” असं म्हणाला. प्रायव्हेट स्पीडबोट, सहा जण, राष्ट्रीय उद्यानाची फी, कयाक, को पानयी गावात जेवण, हॉटेलपासून ने-आण, सगळं धरून 42,500 रुपये. आधी भाव 48,000 सांगितला होता, मी घासाघीस करून खाली आणला आणि मला त्याचंच समाधान वाटलं. निम्मे आधी, निम्मे निघण्याच्या आठवड्यात. 9 डिसेंबरला 21,250 आणि 21 डिसेंबरला 21,250. दोन्ही यूपीआयने.

आता तो क्षण.

9 तारखेला रात्री जेवणं आटोपल्यावर मी स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभी होते. त्याने पाठवलेला आयडी टाकला. पिन टाकण्याआधी पैसे कुणाला जाताहेत त्याचं नाव दिसतं. त्याच्या कंपनीचं नाव एक, त्याचं स्वतःचं नाव दुसरं, आणि स्क्रीनवर तिसरंच नाव होतं, एका बाईचं, आडनावही वेगळं. मी थांबले. खरंच थांबले होते, अंगठा वर धरून. नवऱ्याला हाक मारली, “अरे, हे नाव वेगळंच येतंय.” तो मुलाचा अभ्यास घेत होता. मी त्या माणसाला मेसेज केला आणि पाच सेकंदात उत्तर आलं: “मिसेसचं खातं आहे ताई, कंपनीच्या खात्यात घेतले की जीएसटी लावावा लागतो, तुमचाच खर्च वाढेल.” आणि मी पिन टाकला.

ऑफिसात एखाद्या पुरवठादाराने बिल एका नावाचं देऊन पैसे दुसऱ्या खात्यात मागितले असते, तर मी फाईल परत केली असती. बारा वर्षं तेच करते आहे. तिथे पैसा कंपनीचा असतो म्हणून की काय, डोळे उघडे असतात. इथे माझ्या घरचा पैसा होता आणि मी पाच सेकंदांच्या उत्तरावर विश्वास ठेवला. ते नाव माझ्यासमोर स्पष्ट अक्षरांत होतं. रोज रात्री ओटा पुसताना ते आठवतं.

दुसरी खूणही तेव्हाच मिळाली होती. मी विचारलं, निघायचं किती वाजता? तो म्हणाला, “प्रायव्हेट बोट आहे, वेळ तुम्ही सांगा.” फांग न्गाच्या गुहांची माहिती असलेला माणूस असं कधीच म्हणणार नाही. पानाक आणि हाँग या बेटांवर डोंगराच्या पोटात पाण्याची तळी आहेत, तिथे होडीतून आत जाता येतं की नाही ते भरती-ओहोटीवर ठरतं. पाणी चढलं की वाट बंद. त्यामुळे बोटी त्या दिवसाच्या पाण्याप्रमाणे कार्यक्रम आखतात. हे मला तिथे गेल्यावर कळलं. तुम्ही कुणाकडून बुकिंग करणार असाल, तर त्या तारखेची भरती विचारा. अडखळला तर फोन ठेवा.

26 डिसेंबरला सकाळी हॉटेलखाली व्हॅन आली. त्याचा मेसेज आलाच: “बसलात का? सगळ्यांचा फोटो पाठवा ताई, ड्रायव्हरकडे चुकीचे पाहुणे नकोत.” मी पाठवला. सासूबाई हिरव्या पंजाबी ड्रेसमध्ये, मुलांच्या डोक्यावर नव्या टोप्या. व्हॅन आली म्हणजे मनातली उरलीसुरली शंकाही गेली. नवरा म्हणालाही, “बघ, उगाच घाबरत होतीस.”

धक्क्यावर टेबल मांडून एक मुलगी बसली होती. तिने यादीवर बोट फिरवलं, आमचं नाव सापडलं आणि तिने यादी माझ्याकडे वळवली. सहा माणसं, मोठी बोट, सामायिक. जमा 1,000 बाट (थायलंडचं चलन). बाकी 7,000 बाट, धक्क्यावर वसूल करणे. मी फोनवरचं ‘ऑल पेड, प्रायव्हेट स्पीडबोट’ लिहिलेलं व्हाउचर दाखवलं. तिने ते पाहिलं, मान हलवली आणि कॅल्क्युलेटर उचलला. चार मोठ्यांचे प्रत्येकी 1,500, दोन मुलांचे प्रत्येकी 1,000, वजा 1,000. मग उद्यानाची फी, परदेशी प्रौढाला 300 आणि मुलाला 150, म्हणजे आणखी 1,500. कॅल्क्युलेटर माझ्यासमोर धरला. 8,500. तिची काहीच चूक नव्हती, तिला फक्त हजार बाट मिळाले होते.

त्याला फोन लावला. एकदा उचलला. “ताई, स्पीडबोटीचं इंजिन बिघडलंय, आत्ता तुम्ही भरा, संध्याकाळपर्यंत रिफंड टाकतो.” त्यानंतर फोन बंद, मेसेजवर एकच टिक.

लोक विचारतात, भरलेच कशाला? परत का नाही फिरलात? व्हॅन निघून गेली होती. हॉटेल तासाभरावर. पोहायचे कपडे घालून मुलं उभी, सासूबाई एका खुर्चीत पाय लांब करून बसलेल्या. बाकीचे लोक बोटीत चढत होते. त्या दहा मिनिटांत जे सुचलं ते केलं. नवऱ्याने उरलेल्या दिवसांसाठी ठेवलेलं पाकीट उघडलं आणि 8,500 बाट मोजून दिले. आम्ही ते एका बाटला 2.70 रुपये या दराने घेतले होते, म्हणजे 22,950 रुपये. एकूण खर्च 65,450. प्रत्यक्षात मिळालेल्या सहलीची किंमत 9,500 बाट, म्हणजे 25,650. मधले 39,800 त्याच्या खिशात.

बोट कशी होती सांगू? गेटवेवरून घारापुरीला लाँच जाते ना, तशी, फक्त मोठी. पायऱ्या नव्हत्या, एक फळी होती, आणि दोन खलाशांनी सासूबाईंना दोन्ही हातांना धरून चढवलं. उपसागर सुंदर आहे, ते नाकारणार नाही. पाण्यातून सरळ उभे राहिलेले चुनखडीचे सुळके, खाली हिरवं पाणी. पानाकच्या अंधाऱ्या भुयारात होडीवाल्याने खूण केली तसे आम्ही उताणे झोपलो आणि खडक नाकाच्या वितभर वरून सरकला. मुलगी आनंदाने ओरडली. मला मात्र खिशातला फोन वाजतोय असा भास होत होता. जेम्स बाँड बेट म्हणून प्रसिद्ध असलेल्या जागी पोचलो, तिथे समोर को तापू नावाचा सुळका उभा आहे, वर रुंद आणि पायाशी निमुळता, सुमारे 20 मीटर उंच. धूप होऊ नये म्हणून 1998 पासून बोटींना त्याच्या जवळ जाऊ देत नाहीत. सगळे फोटो काढत होते. आमचा तिथला एकही फोटो नाही.

आणि को पानयी राहिलंच. या बोटीच्या कार्यक्रमात ते नव्हतंच. सासरे निवृत्त भूगोल शिक्षक. खांबांवर उभं असलेलं ते मच्छीमारांचं गाव, जावाहून आलेल्या मुस्लिम कोळ्यांनी वसवलेलं, बघायचं म्हणून ते महिनाभर नातवाला नकाशे दाखवत होते. नातवाला तिथलं पाण्यावरचं फुटबॉल मैदान बघायचं होतं. परतीच्या वाटेवर बाबांनी एकदाच विचारलं, “पानयी कुठल्या बाजूला राहिलं गं?” मला उत्तर देता आलं नाही.

संध्याकाळी तिथल्या एका पोलीस चौकीत गेलो. अर्धा तास बसवून सांगितलं, माणूस भारतीय, पैसे भारतात दिले, तक्रार भारतात करा. ठीक, मानलं. 29 ला परतलो, 30 ला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला, पण दुसऱ्या हप्त्यालाही नऊ दिवस होऊन गेले होते आणि खात्यात काही उरलं नव्हतं. हा उशीर माझा. फसल्याचं कळताच, परदेशात असलात तरी भारतातल्या नातेवाइकाला लगेच थेट 1930 वर फोन करायला लावा.

मग आमच्या भागातलं पोलीस ठाणं. तिथले साहेब म्हणाले, “घटना थायलंडची आहे, आमची हद्द नाही.” तिकडचे म्हणतात भारत, इकडचे म्हणतात थायलंड. दुसऱ्यांदा गेले तेव्हा दुसरे साहेब होते. त्यांनी कागद वाचले आणि विचारलं, “पण मॅडम, तुम्ही सहल तर केलीत ना? मग फसवणूक कुठे झाली? ही दिवाणी बाब आहे.” मी म्हटलं, साहेब, सोन्याचे पैसे घेऊन पितळ दिलं तर दागिना मिळालाच, असं म्हणाल का? ते हसले. शेजारचा हवालदारही हसला. “एवढे लाखभर खर्चून फिरायला जाता, चाळीस हजारांसाठी कशाला चकरा मारता?” आमच्या दोन वर्षांच्या आवर्ती ठेवीतून हा प्रवास झाला होता. ते त्यांना सांगायची मला लाज वाटली आणि आता त्या लाजेचाच राग येतो. तिसऱ्या खेपेला अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायला नकार दिला. मी बाकावर बसून राहिले, दीड तासाने शिक्का मिळाला. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याला तो शून्य क्रमांकाने नोंदवता येतो, ही तरतूद 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 173 मध्ये आहे. फसवणुकीचं कलम आता 420 नाही, भारतीय न्याय संहितेतलं 318 आहे. हे मला एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं. ठाण्यातल्या कुणी का नाही सांगितलं? त्यांना माहीत नसेल असं मी मानत नाही.

बँकेचं तर विचारूच नका. “पिन तुम्ही स्वतः टाकलात, व्यवहार अधिकृत आहे.” मी पैसे परत मागतच नव्हते, फक्त समोरचं खातं कुणाचं ते पोलिसांना कळवा म्हणत होते. तीन ईमेल, एकाही ईमेलला माणसाने लिहिलेलं उत्तर नाही. 30 दिवस झाल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली आहे. ग्राहक आयोगाचीही तयारी चालू आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, हे लक्षात ठेवा.

थायलंडमध्ये सहली विकणाऱ्याला परवाना लागतो, त्याचा क्रमांक मागा, आणि बोटवाल्याला स्वतः फोन करून विचारा की माझ्या नावावर किती जमा आहे. हे एवढंच मी 25 तारखेला विचारलं असतं, तर दुसऱ्या दिवशी ती यादी बघून पायाखालची जमीन सरकली नसती.

गेल्या आठवड्यात मावसबहिणीने एक जाहिरात पाठवली. “अगं, ह्या तुझ्या सासूबाई ना?” फुकेत, प्रायव्हेट स्पीडबोट, फक्त 42,500. नंबर नवा, कंपनीचं नाव नवं. फोटो आमचा, व्हॅनमधला. हिरव्या ड्रेसमधल्या सासूबाई, नव्या टोप्या घातलेली मुलं. खाली लिहिलंय, ‘आमचे समाधानी पाहुणे’. मी लगेच नोव्हेंबरमधला तो नऊवारीतल्या आजींचा फोटो शोधून काढला. तोही व्हॅनमधलाच आहे. मागे गाडीची सीट दिसते, समुद्र कुठेच नाही.