कर्णाचा ताठा की गणपतरावांचा?

आमच्या फोंड्याकडे जत्रेचं नाटक संपलं की वाद हा होणारच, यंदा गाड्यावर मिरची भजी खाता खाता मामा म्हणाला, स्वाभिमान बघायचा तर कर्णाचाच. मान्य रे, कृष्ण जन्माचं गुपित सांगून राज्य देऊ करतो तरी हा दुर्योधनाला सोडत नाही, वर म्हणतो युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, तिथे अंगावर काटाच येतो. पण भीष्मांनी अर्धरथी, म्हणजे अर्ध्याच तोलाचा योद्धा, म्हटलं म्हणून हाच कर्ण पहिले १० दिवस युद्धात उतरलाच नाही, ज्या मित्रासाठी एवढं सगळं त्यालाच गरज असताना!

मला १९७० च्या नटसम्राट नाटकातले म्हातारे नट गणपतराव जवळचे वाटतात. लेकीच्या घरी चोरीचा आळ आला आणि म्हातारा सरळ बाहेर पडला, बरोबरच केलं. पण मुलांना सगळं देऊन टाकताना तोच ताठा नडला, बायको कावेरी सांगत होती तरी थोडंसुद्धा मागे ठेवलं नाही, राजासारखं उधळलं. ताठा याचा, पण भोगलं बायकोनेही.

मामाला काय पटलं नाही. उरलेलं भजं त्याने उचललं.