हैदराबादचा शेवटचा दिवस: गोवळकोंडा की चारमिनारकडचं जुनं शहर?

हैदराबादला दोघंच गेलाय आणि शेवटचा एक दिवस जुनं काही बघायला ठेवलाय, तर प्रश्न एकच उरतो, गोवळकोंडा आणि कुतुबशाही कबरी, की सालारजंग संग्रहालय-चौमहल्ला राजवाडा-चारमिनार. दोन्ही एकाच दिवसात उरकू म्हणणारे भेटतात पण मग धड काहीच बघून होत नाही, त्यामुळे ते डोक्यातून काढाच. आम्ही दोघं दोनदा गेलो, पहिल्या वेळी शेवटचा दिवस गोवळकोंड्याला दिला, दुसऱ्या वेळी जुन्या शहराला, त्यामुळे हे आमच्या अनुभवावरून सांगतोय, तुम्हाला वेगळं वाटू शकतं.

गोवळकोंडा बघण्यासारखा आहेच, त्यात वादच नाही. फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली वाजवलेली टाळी वर माथ्यावरच्या बाला हिसारपर्यंत ऐकू जाते हे सगळ्यांना माहीत असतं, पण आम्ही ते नीट करून बघितलं. बायको खाली थांबली, मी साडेतीनशेच्या वर पायऱ्या चढून वर गेलो, आणि फोनवर ठरवलं की आधी तीन टाळ्या, मग थांबून दोन, कारण खाली कोणता ना कोणता गाईड सारखा टाळी वाजवतच असतो, त्यातली आपली कुठली ते कळायला पाहिजे ना. आणि ती तीन-दोन खरंच आली, बारीक पण एकदम स्वच्छ, जणू शेजारच्या भिंतीआडून कुणी वाजवतंय. तो क्षण मी आजही विसरलेलो नाही. उतरताना रामदासांची (समर्थ नव्हे, भद्राचलमचे रामभक्त) कोठडी लागते, भद्राचलमचं राममंदिर बांधायला सरकारी पैसा वापरला म्हणून तानाशहाने, म्हणजे शेवटच्या कुतुबशहाने, त्यांना जिथे कैदेत ठेवलं होतं ती, तिथे भिंतीवर कोरलेल्या मूर्ती बघायला थांबाच.

पण. शेवटच्या दिवशी हॉटेल दुपारी बाराच्या आत सोडावं लागतं. आमची पुण्याची स्लीपर बस रात्री साडेआठची होती, बॅगा हॉटेलच्या काउंटरमागे ठेवल्या आणि किल्ल्यावर गेलो. वर सावली अशी फारशी नाहीच, दगड तापलेला, तिथून कबरींना गेलो तर तिथेही मोठ्या मोकळ्या बागेतून उन्हात चालायचं. संध्याकाळी परत आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला, चपलेत धूळ, आणि अंघोळीला खोलीच नाही. हॉटेलवाला म्हणाला अर्ध्या दिवसाचं भाडं द्या. शेवटी बेसिनवर तोंड धुतलं आणि तसेच घामट अंगाने बसच्या एका बर्थवर दोघं दहा-अकरा तास. छान गेलेल्या चार दिवसांचा शेवट असा झाला, बायको सोलापूर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

दुसऱ्या वेळी म्हणून आधी सालारजंग. तिथे जवळजवळ सगळं छपराखाली. संगमरवरी रेबेकाच्या चेहऱ्यावरचा बुरखा इतका पातळ कोरलाय की दगड आहे हे पटत नाही. बाराच्या ठोक्याला तिथल्या प्रसिद्ध जुन्या घड्याळासमोर बसा, पंधरा मिनिटं आधी गेलात तर खुर्ची मिळेल, घड्याळातला छोटा दाढीवाला बाहुला बाहेर येऊन टोल देतो आणि सगळा चौक चिडीचूप होतो. मग मदिना चौकाकडे बिर्याणी, मग चौमहल्ला, खिलवत दरबारात १९ झुंबरं आहेत आणि खाली गार फरशी, आम्ही तिथे नुसतेच अर्धा तास बसलो. चारमिनारभोवती गर्दी प्रचंड असते हे खरं, लाड बाजारात भाव करताना डोकं उठतं हेही खरं. पण एका दुकानाबाहेर कारागीर कोळशाच्या शेगडीवर लाख मऊ करून चिमट्याने एकेक खडा बांगडीत बसवत होता, बायको तिथून हलेना, शेवटी त्याच बांगड्या घेतल्या. नंतर इराणी चहा, उस्मानिया बिस्किटं आणि थेट बस. अंग कोरडं होतं, हाच मोठा फरक.

महाराजांसाठी म्हणून गोवळकोंडाच करायचा असं काहींना वाटतं, ते मी समजू शकतो. पण १६७७ मध्ये महाराज कुतुबशहाला भेटायला आले ते भागानगरात, म्हणजे ह्याच शहरात, त्यामुळे तो ओढा इकडेही तितकाच. गोवळकोंडा आधीच्या एखाद्या दिवशी सकाळी उघडल्या उघडल्या करा, येऊन अंघोळ करून झोपा, मग तो खरा कळतो.

फक्त शेवटचा दिवस शुक्रवारी येत असेल तर सालारजंग आणि चौमहल्ला दोन्ही बंद असतात. मग किल्ल्यावरच जा, पण हॉटेलवाल्याला आदल्या रात्रीच विचारून ठेवा की संध्याकाळी तासभर अंघोळीपुरती खोली देणार का, आणि किती घेणार.