गरम पाण्याची लाइन: इन्सुलेशन, पंपाला टायमर की घरोघरी गीझर?

बिल्डिंगमधे सेंट्रल गरम पाणी असेल तर बिल वाढलं की सगळे बॉयलर बदलायच्या मागे लागतात, पण उष्णता पाइपातच किती उडते ते कोणी बघत नाही. नळ सोडल्यावर लगेच गरम पाणी यावं म्हणून पंप गरम पाणी रिटर्न लाइनने, म्हणजे टाकीकडे परत नेणाऱ्या पाइपाने, दिवसरात्र फिरवत ठेवतो, म्हणजे मध्यरात्री कोणी नळाला हात लावत नसलं तरी लाइन तापलेलीच.

हिशोब साधा आहे. 22 मिमीचा उघडा तांब्याचा पाइप, आत 60 अंशांचं पाणी आणि बाहेर 20 अंश, तर मीटरमागे साधारण 30 वॅट जातात. त्यावर 20 मिमी जाडीचं फोम किंवा रबरी इन्सुलेशन चढवलं की 8 वॅटच्या आसपास. लाइन 100 मीटर असेल तर दिवसाला 72 युनिटच्या जागी 19! म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आधी इन्सुलेशन. फक्त सरळ पाइप गुंडाळून काम झालं म्हणू नका, एल्बो (वळणाचे जोड), व्हॉल्व, क्लॅम्प हे सगळं झाकलेलं पाहिजे, आणि गच्चीवरच्या उघड्या फोमवर पत्र्याचं कव्हर हवंच, नाहीतर उन्हाने त्याचा भुगा होतो.

टायमर स्वस्तात बसतो खरा, पण त्यात एक मोठी गोम आहे. पंप थांबला की लाइनमधलं पाणी कोमट होतं आणि साधारण 25 ते 45 अंशांत लेजिओनेला नावाचा जीवाणू मस्त वाढतो, त्याने फुफ्फुसांचा गंभीर आजार होतो. म्हणून टाकीत 60 आणि रिटर्नला 50 ते 55 अंश ठेवतात. वीज वाचवायला टाकीचं तापमान उतरवणं तर अजिबात नको. टायमरपेक्षा रिटर्नच्या तापमानावर वेग कमीजास्त करणारा पंप मला जास्त पटतो.

लांबच्या फ्लॅटला कोमट पाणी येतं म्हणून सगळ्या बिल्डिंगचंच तापमान वाढवतात ना, तिथे दोष बहुतेक वेळा बॅलन्सिंगचा, म्हणजे सगळ्या लाइनींना पाणी सारखं न वाटलं जाण्याचा असतो, जवळच्या रायझरमधून (मजल्यांवर चढणाऱ्या उभ्या पाइपातून) पाणी शॉर्टकट मारून परत येतं. प्रत्येक रायझरच्या रिटर्नला थर्मोस्टॅटिक बॅलन्सिंग व्हॉल्व (पाण्याच्या तापमानानुसार प्रवाह आपोआप कमीजास्त करणारे) बसवले की हे सुटतं.

घरोघरी गीझर लावले तर लाइनचा लॉसच संपतो, पण टाकीवाल्या प्रत्येक गीझरचा स्वतःचा लॉस असतोच, शिवाय सकाळी सगळे एकदम चालू झाले तर बिल्डिंगच्या वायरिंगवर लोड येतो. 3 किलोवॅटचा इन्स्टंट गीझर 30 अंश तापवून मिनिटाला जेमतेम दीड लिटर पाणी देतो, सिंकला ठीक, शॉवरला अपुरा.

पाइपांपर्यंत हात पोचत असेल तर इन्सुलेशन आणि बॅलन्सिंग एकदमच उरकून घ्या. लाइन भिंतीत गाडलेली असेल आणि तशीही बदलायला आली असेल, तरच गीझरचा हिशोब मांडा, आणि त्याआधी इलेक्ट्रिशियनकडून मेन केबल किती लोड घेईल ते तपासून घ्या.