मूळ चिपचा आवाज की वाद्यवृंद?

सांगलीत बसून जपानी रोल-प्लेइंग (पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या) व्हिडिओ गेमचे संगीत जमवणाऱ्याने आधी मूळ ध्वनिमुद्रण, म्हणजे गेममध्ये चिपवर वाजणारेच संगीत, घ्यावे की वाद्यवृंदाची आवृत्ती? माझा कौल मूळ ध्वनिमुद्रणाला आहे. निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या गेमयंत्राच्या ध्वनिचिपला एका वेळी आठच आवाज वाजवता येत आणि तिच्या वाट्याला स्मृती अवघी 64 किलोबाइट होती; तेवढ्यात संगीतकार नोबुओ उएमात्सु यांनी 1994 च्या ‘फायनल फँटसी 6’ या गेममधील प्रमुख पात्रांना स्वतंत्र सुरावटी दिल्या आणि अखेरच्या प्रदीर्घ रचनेत त्या एकमेकींत गुंफल्या. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी ऐकत वाढलेल्या कानाला त्या चिपचा मऊसर, दबका पोत चटकन भावतो. वाद्यवृंदात खऱ्या व्हायोलिनचा विस्तार लाभतो, हे निर्विवाद. पण तिथे निवडक रचनाच येतात. म्हणून जपानहून सीडी मागवायची, तर ‘फायनल फँटसी 6’चा तीन तबकड्यांचा मूळ संचच मागवावा.