रेडिस वापरून बघितलं, पीएचपी आणि पायथनच्या मधे

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानाचं सॉफ्टवेअर मी बघतो. बिलिंग जुनं पीएचपीत, स्टॉकचं ॲप नवं, पायथनमधे, जँगो या फ्रेमवर्कवर (ॲप उभारायचा तयार सांगाडा). दोघंपण तीच रेट लिस्ट डेटाबेसमधून सारखी ओढायची आणि संध्याकाळी गर्दीला बिल निघायला वेळ लागायचा, म्हणून मधे रेडिस बसवलं, म्हणजे सारखी लागणारी माहिती मेमरीत ठेवून झटकन देणारं कॅशे. उबंटूवर एका कमांडीत बसतं, ६३७९ पोर्टवर लगेच चालू, त्याबद्दल कायबी तक्रार नाही.

पण पीएचपीनं ठेवलेला रेट पायथनला सापडेचना! अर्धा दिवस फायरवॉल बघत बसलो बघा. शेवटी रेडिस-सीएलआय (रेडिसची कमांड लाइन) उघडून कीज, म्हणजे माहिती ज्या नावानं ठेवतात ती नावं, बघितल्या तर जँगोचं कॅशे कीच्या पुढं स्वतःच कोलन-एक-कोलन लावतंय, व्हर्जन म्हणून. डॉक्युमेंटेशनमधे लिहिलंय ते, वाचलं कोणी. ते जुळवलं तर पुढचा घोळ, आत पीएचपीनं आपल्या पद्धतीनं बांधलेलं (सिरियलाइझ केलेलं) आणि जँगो मागतंय पिकल, म्हणजे पायथनची स्वतःची बांधणी. रेडिसचा यात दोष नाही ओ, ते नुसते बाइट सांभाळतं, आत काय भरलंय ते ठेवणाऱ्यानं आणि काढणाऱ्यानं आपसात ठरवायचं. मग दोन्हीकडं फ्रेमवर्कचं कॅशे सोडलं, सरळ रेडिसची लायब्ररी घेतली आणि सगळं जेसनमधे, म्हणजे दोन्ही भाषांना वाचता येईल अशा साध्या मजकुरात. पिकल असल्या सामायिक जागी नकोच, कोणी वाईट माल घुसवला तर उघडतानाच त्याचा कोड चालतो.

जेसनमधेपण एक गंमत हाय. आमच्याकडं मालाची नावं मराठीत नि कन्नडमधे दोन्हीत, आणि पीएचपी काय पायथन काय, न सांगता प्रत्येक अक्षराचा बॅकस्लॅश-यू वाला कोड करतात, म्हणजे ३ बाइटचं अक्षर ६ बाइटचं. चालतं, पण सीएलआयमधे वाचायला गेलं की डोकं फिरतं. दोन्हीकडं ते बंद केलं. रेट रुपयांऐवजी पैशांत ठेवले, पूर्णांक, दशांशाची कटकट नको.

मेमकॅश्ड हे दुसरं कॅशेपण बघितलेलं, साधं आहे, पण एका वस्तूला मुळात १ एमबीच मर्यादा आणि आमची लिस्ट त्याच्यावर जाते. रेडिसला उलट मेमरीची मर्यादा आपणच घालायची, नाहीतर ते सर्व्हर खात बसतं.

२०२४ ला रेडिसचं लायसन्स बदललं तेव्हा त्याच्याच कोडमधून वाल्की वेगळं निघालं, तेपण टेस्टला लावलं, कोडची एक ओळ बदलावी लागली नाही. ५ पैकी ४ स्टार. मालकांना फरक विचारला तर म्हणाले, बिल लवकर निघायलंय, बाकी मला काय कळंना.