एलएस१, नायट्रस आणि प्लगची हीट रेंज : आठ महिने वापरून

गाडी २००० ची शेव्हरोले कॅमेरो झेड२८, आठ सिलिंडरचं एलएस१ इंजिन, मुक्काम मिशिगन. मार्चमध्ये नायट्रसचं वेट किट बसवलं, म्हणजे जास्त ताकदीसाठी नायट्रस ऑक्साइड वायू आणि सोबत जादा पेट्रोल इंजिनात सोडणारं; जेट्स (किती सोडायचं ते ठरवणारी बारीक भोकं) १०० हॉर्सपॉवरचे. नायट्रसची बाटली फक्त ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या ट्रॅकवर) उघडतो, बाकी दिवस दूध-भाजी पण याच गाडीतून आणतो, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

आधी एनजीके कंपनीचे टीआर५५ स्पार्क प्लग होते, गॅप (ठिणगी उडते ती फट) ०.०५५ इंच. १०० शॉटसाठी, म्हणजे नायट्रसच्या १०० जादा हॉर्सपॉवरसाठी, एक पायरी थंड म्हणून टीआर६ टाकले आणि गॅप ०.०३५ वर आणला, कारण नायट्रसमध्ये सिलिंडरमधलं प्रेशर एवढं वाढतं की मोठ्या गॅपवर ठिणगीच विझते. थंड म्हणजे ठिणगी थंड नाही हं, मलाही आधी तसंच वाटायचं. प्लगचं आतलं चिनी मातीचं नाक आखूड असतं म्हणून उष्णता पटकन हेडमध्ये जाते, हीट रेंजच्या एका पायरीला साधारण ७० ते १०० डिग्री सेल्सिअसचा फरक. ते नाक ८०० च्या वर तापलं की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनची वाट लागते. ४५० च्या खाली राहिलं तर काजळी जळून जात नाही, साचत राहते. आणि आकडे नीट बघा: एनजीकेत मोठा आकडा म्हणजे थंड, ऑटोलाइट किंवा चॅम्पियनमध्ये बरोब्बर उलटं.

जूनपर्यंत टीआर६ वर एकदम झकास. मग हाव सुटली. जुलैमध्ये १५० चे जेट टाकले, प्लग तेच ठेवले, टायमिंगला (ठिणगी कधी पडते त्याला) पण हात लावला नाही. दोन रनमध्येच मोटर कुरकुरल्यासारखी वाटली म्हणून प्लग काढले तर पांढऱ्या पोर्सलीनवर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक काळे ठिपके. हे डेटोनेशन, म्हणजे ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण आपोआप धडाक्यात पेटणं. इथे लोक धावत जाऊन अजून थंड प्लग आणतात, पण प्लग हे औषध नाही, आधी टायमिंग मागे घ्यायचं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडायची. ५० हॉर्सपॉवरला २ डिग्री या हिशोबाने १५० ला ६ डिग्री मागे घेतलं, त्यासोबत एनजीकेचेच अजून एक पायरी थंड बीआर७ईएफ टाकले, ठिपके गायब.

पण ऑक्टोबरमध्ये थंडी सुरू झाली, घर ते ऑफिस जेमतेम दहा मिनिटं, इंजिन धड तापायच्या आधीच बंद. सकाळी आयडलला झटके, मग गाडीच्या कॉम्प्युटरचा पी०३०३ कोड, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरला मिसफायर. काढून बघतो तर आठच्या आठ काळेकुट्ट. बाबा येझदीचा प्लग दर आठवड्याला पॉलिश पेपरने घासायचे त्याची आठवण झाली. यात प्लगचा काही दोष नाही, तो पूर्ण थ्रॉटलसाठी आहे आणि मी त्याला किराणा आणायला पाठवत होतो.

काउंटरवरच्या एका माणसाने इरिडियम धातूच्या टोकाचे प्लग घ्या म्हणून आग्रह केला होता. नाही घेतले. नायट्रसमध्ये बारीक टोकाचे महागडे प्लग मला नकोत, साधे निकेलचे स्वस्त, बिनधास्त काढून बघता येतात.

आता परत टीआर६ आणि १०० शॉट. बीआर७ईएफ डब्यात आहेत, पण खरं सांगू, ते पुन्हा लावायचा उत्साह नाही. या बॉडीत इंजिनचे मागचे दोन प्लग पार पुढच्या काचेखाली घुसलेत, सात आणि आठ नंबरला हात जातच नाही, मागच्या वेळी मनगट सोलून निघालं होतं, खूण अजून आहे.