लर्निंग लायसन्सवाल्यांच्या शेजारी बसणाऱ्यासाठी: काचेला चिकटवायचा जादा आरसा

भाचीचं लर्निंग लायसन्स आलं आणि तिच्या शेजारी बसायचं काम माझ्याकडे आलं. माझा भाऊ गाडीत बसला की सारखा धसकून दार धरतो, त्याचं बघून तीही गडबडते. म्हणून आत्या. शिकवण्यासाठी एल बोर्डापासून बऱ्याच गोष्टी आणल्या, पण मनापासून शिफारस करावी अशी वस्तू एकच: हा आरसा. तळहाताएवढा, मागे रबरी सक्शन कप, मध्ये हवा तसा फिरणारा सांधा.

कारचं लर्निंग लायसन्स भारतात १८ पूर्ण झाल्यावर मिळतं, त्याची मुदत ६ महिने. नियम असा की त्या काळात पक्कं लायसन्स असलेलं माणूस सोबत हवं, आणि तेही वेळ पडली तर गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेलं. जर्मनीत १७ व्या वर्षी परीक्षा पास झालेल्यांना १८ पूर्ण होईपर्यंत सोबत लागते. ती सोबत किमान ३० वर्षांची आणि ५ वर्षं लायसन्स असलेली हवी. म्हणजे कायदा कुठलाही घ्या, शेजारच्या माणसाकडून बरीच अपेक्षा असते. गाडी मात्र त्याला मागचं काहीच दाखवत नाही. मधला आरसा आणि बाजूचे दोन्ही आरसे चालवणाऱ्याच्या डोळ्यांना लावलेले. आपण मान वळवून मागे बघायचं, आणि आपण वळलो की शिकणाऱ्याला वाटतं काहीतरी चुकलं. मग ती उगाच ब्रेक दाबते.

आरसा लावल्यावर हे थांबलं. मागून ट्रक येतोय, बाइकवाला डावीकडून घुसतोय, हे मला मान न हलवता दिसतं. त्यामुळे सूचना वेळेवर देता येते, आणि मुख्य म्हणजे गरज नसेल तेव्हा गप्प बसता येतं. एकदा उतरताना ती म्हणाली, ‘‘आत्या, आज तू बोललीच नाहीस. मी नीट चालवली ना?’’ चालवलीच होती. तिला ते कळावं म्हणून तर मी गप्प होते.

आता घेताना बघायच्या गोष्टी. आरसा सपाट घ्या. बहिर्गोल आरशात परिसर जास्त दिसतो खरा, पण मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते, आणि लेन बदलू दे की थांबवू हे ठरवताना नेमका अंतराचाच अंदाज लागतो. सपाट आरशात कमी दिसतं, पण खरं दिसतं.

दुसरा एक छोटा आरसा मी तिच्या डोळ्यांच्या रोखाने लावला. ड्रायव्हिंग शिकवणारे अनुभवी लोक हे करतात. मला तर हाच जास्त मोलाचा वाटतो. इंडिकेटर तर ती सवयीने देते, पण देण्याआधी नजर आरशाकडे गेली का? चौकात उजवीकडे बघितलं की नुसती मान हलवली? हात-पाय बघून हे कळत नाही, डोळ्यांवरूनच कळतं. वळणावर तिची नजर बॉनेटच्या टोकावर खिळायची, ते मला या आरशात दिसलं. ‘‘जिथं जायचंय तिथं बघ,’’ एवढंच सांगितलं आणि स्टिअरिंग बरंच शांत झालं.

लावताना काच ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करा, मग कप दाबा. शिकणाऱ्याच्या नजरेत येणार नाही अशा कोपऱ्यात लावा. डॅशबोर्डवर एअरबॅग उघडते तिथे चिकटवू नका, एअरबॅग फुटली तर आरसा अंगावर येईल.

तक्रार आहे, आणि ती कपाबद्दलच आहे. गाडी उन्हात उभी राहिली की रबर ढिलं पडतं. एकदा आरसा चालत्या गाडीत माझ्या मांडीवर पडला आणि भाची दचकली. तेव्हापासून निघण्याआधी तो ओढून बघायचा हे ठरलेलंच. सांधाही खडबडीत रस्त्यावर हळूहळू खाली झुकतो. घट्ट करायचा स्क्रू असलेलाच घ्यावा, माझ्या आरशाला तो नाही.

आरशाने ब्रेक लागत नाही, हेही सांगायला हवं. शिक्षकाच्या गाडीत त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, घरच्या गाडीत नसतो. आमच्या गाडीत हँडब्रेकचा दांडा मध्ये आहे, तो माझ्या हाताला येतो, म्हणून मी याच गाडीत शिकवते. क्लचवर पूर्ण ताबा येईपर्यंतचे सुरुवातीचे धडे ड्रायव्हिंग स्कूलमध्येच घ्यावेत.

त्यानंतर मात्र सराव भरपूर हवा आणि तो घरच्यांनाच करून घ्यावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २१ च्या आतल्या मुलांना १२० तासांच्या सरावाची नोंद दाखवावी लागते. स्वीडनने १९९३ मध्ये सरावाचं वय १६ वर आणलं, आणि ज्या मुलांनी त्याचा फायदा घेऊन जास्त सराव केला त्यांचे पुढे अपघात कमी झाले. इतके तास शेजारी बसायचं तर बसणाऱ्यालाही नीट दिसायला हवं.

पाचपैकी चार. कप चांगला असता तर पाच दिले असते. भाचीला पक्कं लायसन्स मिळालं तरी पावसात आणि रात्री पहिल्यांदा चालवेल तेव्हा मी शेजारी असणार आहे, आणि आरसाही.